चवथीआधीची सरावफाइल: घुमट, पेटी आणि आवर्तनांच्या प्रती

६ जुलै २०२५, रविवार

आषाढीचं भजन आटोपल्यावर देवळाच्या अग्रशाळेत बसून ठरलं. आमच्या आरतीमंडळातले बरेच जण हल्ली इथे गोव्यात, फोंड्याला नसतात. कुणी बेंगळुरूला, कुणी पुण्याला, एक तर बोटीवर. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री सगळे उगवतात आणि पहिल्याच घरात आरतीला उभे राहिले की लयीची ओढाताण सुरू. कुणी धावतो, कुणी मागे रेंगाळतो आणि काकांचा घुमटावरचा (हे आमचं मातीचं तालवाद्य) हात मध्ये अडकतो.

म्हणून सरावासाठी एक फाइल करायची. पेटीवरची एक ओळ सतत फिरत राहील, सोबत घुमट आणि कासाळे, म्हणजे झांजा. त्यावर ज्याने त्याने आपलं वाजवावं, गावं. तबलजी लेहरा धरून रियाज करतात तोच प्रकार. लेहऱ्याची ॲप फोनवर ढिगाने मिळतात, पण त्यांत तबला असतो आणि चाल मैफिलीची. आमच्या आरतीचा हेलकावा त्यांत नाही.

वाटणी अशी: पेटी मामा, घुमट काका, कासाळे धाकटा चुलतभाऊ, कापाकापी माझ्याकडे. शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य, या फाइलीत नाही, कारण तो वाजवणाराच पुण्यात आहे. त्याची जागा रिकामी ठेवायची म्हणजे तोही त्यावर सराव करील. आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि उद्या मंडळातल्या दुसऱ्या कुणाला हे काम घ्यायचं झालं तर खिशात हात घालावा लागणार नाही.

१० जुलै

रेकॉर्डिंगआधी आकडे लिहून ठेवतो. घुमटाचा ठेका आठ मात्रांचा, पेटीची ओळ सोळा मात्रांची. म्हणजे एकक सोळा मात्रांचं धरायचं, त्यात ठेका दोनदा बसतो.

मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.६ सेकंदाची, सोळा मात्रांचं आवर्तन ९.६ सेकंदांचं. ऑडॅसिटीत नेहमीचा दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप), म्हणजे आवर्तन बरोबर ४,२३,३६० सॅम्पलचं. १२०च्या लयीत ८ सेकंद, ३,५२,८०० सॅम्पल. १४०च्या लयीत सेकंदांचा हिशेब ६.८५७ असा लांबत जातो, पण सॅम्पल मोजले तर नेमके ३,०२,४००. तिन्ही लयी पूर्णांकात बसतात म्हणून याच घेतल्या. ११० घेतली असती तर आवर्तनाच्या शेवटी पाऊण सॅम्पल लोंबकळत राहिला असता. त्याने कानाला काही फरक पडत नाही हे खरं. शंभर आवर्तनांनंतरही तो घोळ दोन मिलिसेकंदांच्या आत राहतो. पण पूर्णांक मिळत असताना अपूर्णांक कशाला घ्या?

खालच्या पट्टीत निवडीची सुरुवात आणि लांबी दाखवायची सोय आहे, आणि एककही बदलता येतं. मी लांबी सॅम्पलमध्ये ठेवली आहे. माउसने खेचून आवर्तन पकडण्यापेक्षा सुरुवात कानाने धरायची आणि लांबी आकड्याने टाकायची, हे बरं.

१३ जुलै, रविवार

रेकॉर्डिंग झालं, एकदाचं.

सकाळी सातला अग्रशाळेत पोचलो, पाऊस उघडलेला होता तेवढ्यात उरकावं म्हणून. तरी मागच्या पडवीच्या पत्र्यावर पागोळ्या वाजत होत्याच. माइक पेटीच्या भात्यापासून लांब, सुरांच्या बाजूला ठेवला. खिडक्यांवर चादरी टाकल्या.

काकांनी घुमट घरूनच कपड्यात गुंडाळून आणला होता. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर कातडं, धाकटं तोंड उघडं; उजवा हात कातड्यावर आणि डाव्या तळव्याने धाकटं तोंड उघडझाक करून आवाजाला गोलाई द्यायची. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, तेव्हापासून ते चालत नाही, आता बकऱ्याचं. काकांच्या मते आवाजात फरक आहे, पण २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते याच बकऱ्याच्या कातड्यासकट, तेव्हा तक्रारीला जागा नाही, असंही तेच म्हणतात.

पावसाळ्यात कातडं सैल पडतं. काका वाजवण्याआधी ते साठ वॉटच्या बल्बखाली धरून बसतात. मला कामाच्या दृष्टीने याचा एक अर्थ दिसला: सकाळी तापवलेल्या घुमटाचं आवर्तन दहा वाजता वाजवलेल्या आवर्तनाला जोडता येणार नाही. सूर उतरलेला असतो. चार आवर्तनं सलग वाजवून त्याच वेळची निवडायची, दोन वेळांची सरमिसळ नाही.

काकांना कानात टिकटिक नको होती. 'घड्याळाला विचारून मी कधी वाजवलं नाही,' म्हणाले. म्हणून आधी मामांनी टिकटिकीवर पेटी दिली, मग त्या पेटीवर काकांनी हेडफोन एकाच कानाला लावून घुमट. टिकटिक मेन्यूतल्या जनरेटमध्ये ऱ्हिदम ट्रॅकने मिळते. मामांची पेटी टिकटिकीला चिकटून आली आणि काकांचा घुमट पेटीला चिकटून, पण प्रत्येक मात्रेच्या केसभर मागे. तो केसभर मागेपणा दुरुस्त करायचा नाही. तिथेच तर आमची आरती आहे.

१५ जुलै

आज निवड. १००च्या लयीतलं मामांचं रेकॉर्डिंग सात-आठ मिनिटांचं आहे. त्यातलं कुठलं आवर्तन उचलायचं?

पहिलं कधीच नाही. पहिल्या आवर्तनाच्या आधी शांतता असते. त्याच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मागचं काही रेंगाळत नाही. ते उचलून प्रती लावल्या की दर आवर्तनाच्या शेवटी आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो. पेटीत हे फारसं कळत नाही, कारण पट्टी सोडली की सूर थांबतो. पण कासाळ्यांत फार कळतं. सोळाव्या मात्रेवरचा कासाळ्यांचा ठोका पुढच्या समेवर, कधी दुसऱ्या मात्रेपर्यंत झिणझिणत राहतो. पहिल्या आवर्तनाची प्रत लावली तर ती झिणझिण समेच्या तोंडावर गप्प होते, कुणीतरी कासाळ्यांवर हात ठेवल्यासारखी.

उपाय सोपा आहे. सलग वाजवलेल्यांतलं दुसरं किंवा तिसरं आवर्तन उचलायचं. त्याच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची शेपूट आपोआप आलेली असते आणि त्याची स्वतःची शेपूट जिथे कापली जाते तिथे पुढच्या प्रतीच्या सुरुवातीला तीच पुन्हा भेटते. दर आवर्तन सारखंच वाजवलं असेल तर सांधा सापडत नाही. फाइलीच्या अगदी सुरुवातीला मात्र खरं पहिलंच आवर्तन ठेवायचं, नाहीतर कुणी वाजवायच्या आधीच कासाळे झिणझिणताना ऐकू येतात.

घुमटाचंही तसंच. त्याचा पोकळ आवाज भांड्यात घुमतो तो अर्ध्या मात्रेपर्यंत.

१६ जुलै

प्रती लावायच्या पद्धती, पुढे मंडळातल्या दुसऱ्या कुणी हे काम हातात घेतलं तर त्याच्यासाठी.

कंट्रोल-सी, मग शेवटाला कर्सर नेऊन कंट्रोल-व्ही. चार-पाच प्रतींपर्यंत ठीक, पुढे हात दुखतो. कंट्रोल-डी दाबलं तर ऑडॅसिटी प्रत पुढे लावत नाही, खाली नवा ट्रॅक करून त्याच वेळेवर ठेवतं. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच कळ प्रत लगेच पुढे लावते. रीपरची सवय असलेला माणूस इथे दोन आवाज एकावर एक ऐकून दचकतो, आणि आवाज दुप्पट मोठा का झाला म्हणून सेटिंग शोधत बसतो.

साठ आवर्तनांसाठी इफेक्ट मेन्यूतलं रिपीट. आवर्तन निवडायचं, आकडा टाकायचा. तिथे विचारतात ते किती प्रती *आणखी* हव्यात, म्हणून साठसाठी ५९ टाकायचे. खिडकीतच नवी लांबी दिसते: ९ मिनिटं ३६ सेकंद. ती पाहूनच ओके दाबावं.

आणि सांध्यावरची टिक. ध्वनीची रेघ शून्यावरून वर-खाली होत असते. कापलं तेव्हा ती वर असेल आणि पुढची प्रत खालून सुरू होत असेल, तर मध्ये जो उभा कडा पडतो तो टिक म्हणून ऐकू येतो. झेड दाबलं की निवडीची दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. घुमटाला एवढं पुरतं. पेटीला पुरतंच असं नाही: तीन स्वर एकत्र दाबलेले असले की शून्य सापडलं तरी रेघ एका बाजूने चढत येते आणि दुसऱ्या बाजूने उतरत जाते, आणि बारीक कट्ट राहतोच.

मामांची ओळ समेवर षड्जाला येते आणि सोळाव्या मात्रेवर निषाद असतो. निषादाची पट्टी सोडून षड्जाची दाबेपर्यंत बोटाला जो क्षण लागतो, तिथे रेघ जवळजवळ सपाट आहे. खूप मोठं करून पाहिलं तर दिसते, काही मिलिसेकंदांचीच. तिथे कापलं आणि कट्ट गेला. जिथे वाजवणाऱ्याने स्वतः हात उचलला तिथेच कापायचं, असं मी आता ठरवून टाकलं आहे. समेवर कापायचं नाही. समेच्या किंचित आधी, जिथे काहीच नाही तिथे. त्यातून उरलीसुरली टिक राहिली तरी पाठोपाठ येणारा समेचा ठोका तिला गिळून टाकतो.

१८ जुलै

झेडचा एक तोटा लिहायचा राहिला. टोकं सरकतात म्हणजे लांबी बदलते. ४,२३,३६० पक्के केलेले असतात आणि झेड दाबल्यावर काहीतरी भलताच आकडा दिसतो.

त्याने काय होतं ते कळावं म्हणून मुद्दाम करून पाहिलं. पेटीचं आवर्तन ४,२३,३६० सॅम्पलचं ठेवलं, घुमटाचं ४,२३,५८०चं. फरक २२० सॅम्पल, सुमारे ५ मिलिसेकंद. एका आवर्तनात कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. दोघांच्या साठ-साठ प्रती लावल्या. पहिली दहा आवर्तनं घुमट नुसता आरामात वाजतोय असं वाटतं. विसाव्याच्या आसपास आळस वाटायला लागतो. शेवटाला फरक ३०० मिलिसेकंद होतो, म्हणजे नेमकी अर्धी मात्रा, आणि घुमट प्रत्येक ठोका दोन मात्रांच्या मध्ये टाकत राहतो.

याच घसरणीवर अमेरिकेत स्टीव्ह राइशने १९६५मध्ये संगीत रचलं. एकाच आवाजाच्या टेपच्या दोन वळ्या दोन यंत्रांवर लावायच्या आणि त्यांना हळूहळू एकमेकींपासून सुटू द्यायचं. त्याच्याही आधी, १९४८मध्ये, पॅरिसला पिएर शेफर तबकडीवर बंद वर्तुळाची खाच पाडून सुई त्यातच फिरती ठेवत होता. टेप हाताशी येण्याआधीची प्रत काढण्याची ती रीत. काकांना ही घसरलेली फाइल ऐकवली. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली त्यांनी. लयीचा विषय निघाला की काका खाप्रुमामा पर्वतकरांवर जातातच, कसे ते एका वेळी हातापायांत वेगवेगळ्या लयी धरून समेला एकत्र यायचे. 'यात सम कुठे येते?' त्यांनी विचारलं. हिशेब केला: घुमट पूर्ण आवर्तनभर मागे पडायला एकोणीसशेच्या वर आवर्तनं लागतील, म्हणजे पाच तास. 'मग ही आपल्या कामाची नाही,' म्हणून ते चहाला गेले.

नियम हा झाला: आधी झेड, मग लांबी पुन्हा आकड्याने टाकायची. सुरुवात शून्यावर असली की पुरे, शेवट लांबी ठरवेल. आणि पेटी, घुमट, कासाळे तिघांच्या एककाची लांबी शेवटच्या सॅम्पलपर्यंत एकच.

१९ जुलै

पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, घोळ घातला.

१००च्या लयीतलं सगळ्यांत सुरेल आवर्तन, जे मी पेटीसाठी निवडलं होतं, त्याच्या अकराव्या मात्रेवर बाहेर रस्त्याने पोदेर सायकलवरून गेला आहे. पॉं-पॉं. एकदा ऐकलं तर पेटीच्या आवाजात दडून जातं. साठदा लावल्यावर दर ९.६ सेकंदांनी पाव विकायला येतो. मामीने स्वयंपाकघरातून विचारलं, आज इतके पोदेर कसे काय?

आवाजांची चित्ररूप पट्टी, स्पेक्ट्रोग्राम, उघडून तेवढा भाग पुसता येतो का पाहिलं. हॉर्नच्या आडव्या रेषा दिसतात स्पष्ट, पण पेटीच्या रेषांत अशा मिसळल्यात की एक पुसावी तर दुसरी जाते. साहजिक आहे. रबरी फुग्याच्या त्या हॉर्नमध्येही पितळेची जिभली असते आणि पेटीतही. दोन्ही एकाच कुळातले. नॉइज रिडक्शन तर अशा ठिकाणी निरुपयोगीच. ते सतत चालणाऱ्या घोंघाटासाठी आहे, पोदेरासाठी नाही.

ते आवर्तन सोडलं. प्रत करायच्या तुकड्यात खाजगी असं काही चालत नाही: खोकला, भात्याची करकर, कावळा, पागोळीचा एखादा मोठा थेंब. एकदा झालेलं कान माफ करतो, ठरलेल्या वेळी परत आलेलं नाही. आता निवडलेलं आवर्तन आधी आठदा लावून हेडफोनने ऐकतो, पेटीकडे लक्ष न देता, फक्त मागे काय चाललंय ते.

पावसाची संततधार मात्र चालते. पागोळ्यांचीही ओळख पटते, पण उशिरा.

२० जुलै, रविवार

पहिला कच्चा मसुदा मंडळाला ऐकवला. सांधे कुणालाच सापडले नाहीत, मला बरं वाटलं. मग काकांनी विचारलं:

'हा वाजवणारा कोण?'

'तुम्हीच की, काका.'

'मी असा नाही वाजवत. हा श्वास घेत नाही.'

बरोबर आहे. एकच आवर्तन साठदा. काका वाजवतात तेव्हा दर चौथ्या आवर्तनाला डावा हात थोडा जास्त दाबतात, कधी सातवी मात्रा मोकळी सोडतात, आणि पुढच्या आरतीचं कडवं येणार असेल तर आधीच्या आवर्तनात नकळत जोर चढतो. प्रतीत यातलं काही नाही. सरावाला बसलेला माणूस पाच मिनिटांत तिच्याकडे लक्ष देणं सोडतो, आणि ज्याच्याकडे लक्ष नाही त्याच्याशी लय कशी जुळवणार?

म्हणून एकाऐवजी चार आवर्तनं घेतली, सगळी एकाच सलग वादनातली, सगळी ४,२३,३६०ची. अ साधं. आ साधंच पण डावा हात खोल. इ मध्ये सातवी मोकळी. ई भरीचं. क्रम लावला: अ आ अ इ अ आ अ ई. ही आठ आवर्तनं म्हणजे नवं एकक, ७६.८ सेकंदांचं. त्याच्या प्रती. ई शेवटी ठेवल्याने वाजवणाऱ्याला कळतं की फेरा पुरा झाला.

पेटीत मात्र एकच आवर्तन ठेवलं. मामांचं म्हणणं पडलं की लेहऱ्याने हलायचं नसतं, खुंटीने हलायचं नसतं तसं. काका आणि मामा यांचं यावर एकमत होणार नाही. फाइलीत दोघांचंही ऐकलं आहे.

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, प्रतीत घ्यायची नाही हे सगळ्यांना मान्य. ती फक्त शेवटाला, एकदाच, वेगळी चिकटवून.

२३ जुलै

लाईट गेली, काम उघडंच होतं. परत आल्यावर ऑडॅसिटीने प्रोजेक्ट वाचवून दिला. तरी दर सांजेला एक प्रत पेनड्राइव्हवर.

३० जुलै

वास्कोला गेलो, दामोदराच्या सप्ताहाला. चोवीस तास अखंड भजन, मेळे पाळीपाळीने येतात. कामातून उसंत म्हणून गेलो आणि उभा राहिलो ते सांधे ऐकत. एक मेळा उठायच्या आधी दुसऱ्याचे टाळ आलेले असतात, थोडा वेळ दोन्ही चालतात, मग पहिले थांबतात. लय मध्ये तुटत नाही कारण ती काही क्षण दोघांच्या हातात असते.

घरी येऊन पेटीच्या फाइलीत हेच केलं. १२०च्या लयीत मामा बोट इतक्या लगेच उचलतात की सपाट जागा मिळतच नाही. क्रॉसफेड क्लिप्स हा इफेक्ट आहे, पण तो दोन तुकड्यांना एकमेकांवर चढवतो आणि तेवढी लांबी खातो. दर सांध्याला थोडं खाल्लं तर १८ जुलैच्या नोंदीतलं रामायण परत. त्यापेक्षा आवर्तन १० मिलिसेकंद जास्त कापलं, म्हणजे ३,५२,८०० अधिक ४४१. शेवटच्या १० मिलिसेकंदांवर फेड-आउट, सुरुवातीच्या १०वर फेड-इन. विषम प्रती एका ट्रॅकवर, सम प्रती दुसऱ्यावर, आणि प्रत्येक प्रत आधीच्या सुरुवातीपासून नेमक्या ३,५२,८०० सॅम्पलवर. मग दोन्ही ट्रॅक एक करायला मिक्स अँड रेंडर. दोन ट्रॅकवर रिपीट लावायला मध्ये शांततेचा तुकडा जोडून दुहेरी लांबीचं एकक करावं लागतं. कटकटीचं आहे पण सांधा लोण्यासारखा येतो.

३ ऑगस्ट, रविवार

लय वाढवण्याचा प्रश्न. चुलतभावाचं म्हणणं, १००ची फाइल चेंज टेम्पोने १४०ला नेऊ, परत रेकॉर्डिंग कशाला.

करून पाहिलं. चेंज टेम्पो सूर न हलवता वेग बदलतो, हे खरं. १०० ते १०६ छान जातं. १२०ला पेटी ऐकवते पण घुमटाच्या ठोक्याची धार जाते, कातड्याऐवजी पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. १४०ला कासाळे पाण्यातून आल्यासारखे वाटतात. दुसरा इफेक्ट, चेंज स्पीड, ठोक्याची धार राखतो पण सूर चढवतो: वेग सहा टक्क्यांनी वाढला की अर्धा स्वर वर, काळी एकची पेटी पांढरी दोनला. घुमटाला ते एक वेळ चालेल, गाणाऱ्यांना नाही.

पण खरी अडचण यंत्राची नाही. काका १४०ला १००चाच ठेका जलद वाजवत नाहीत. मधले दोन बोल गाळतात, डावा हात जवळजवळ उघडाच ठेवतात. ताणून केलेल्या फाइलीत ते गाळलेले बोल तसेच राहतात आणि तिच्यावर सराव केलेला माणूस प्रत्यक्षात अडखळणार. तीन लयींची तीन रेकॉर्डिंगं आधीच घेतली होती, तीच वापरायची.

१० ऑगस्ट, रविवार

दोन आरत्यांचा पूर्ण आराखडा वाद्यांनिशी लावला. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला लेबल, कंट्रोल-बी. सिंक-लॉक चालू ठेवलं की पेटीत एक आवर्तन घुसवलं तरी घुमट, कासाळे आणि लेबलं सगळी मिळून पुढे सरकतात. बंद असताना फक्त पेटी सरकते आणि बाकीचे जागच्या जागी. कडव्यांमध्ये मोकळी आवर्तनं कमीजास्त करायची असली की सिंक-लॉकशिवाय काम करू नये.

ध्रुवपदावरून वाद झाला. चारपाच जणांनी मिळून ध्रुवपद एकदा गायलं, ते छान आलं होतं. तेच प्रत्येक कडव्यानंतर चिकटवावं असं चुलतभावाला वाटत होतं. एकदा चिकटवून ऐकलं. दुसऱ्या वेळेलाच कळतं: त्याच जागी तोच हसल्यासारखा आवाज, त्याच शब्दावर मामीचा तोच किंचित चढलेला सूर. शिवाय आरती पुढे जाते तसं ध्रुवपद तापत जातं, शेवटचं म्हणजे निम्मा आरडाओरडाच. पहिल्या वेळचं थंड ध्रुवपद शेवटी लावणं म्हणजे चवथीला शिळी नेवरी वाढणं.

ठरलं: वाद्यांच्या प्रती, गळ्यांच्या नाहीत. ध्रुवपदाच्या जागी नुसती वाद्यं, वर लेबल. ज्याला म्हणायचं त्याने आपल्या खोलीत म्हणावं. बेंगळुरूवाल्याच्या घरमालकाचं काय ते तो पाहील.

१५ ऑगस्ट

फाइली पाठवल्या.

आधी विचार होता की फक्त आठ आवर्तनांची छोटी फाइल पाठवावी आणि फोनवरच रिपीट लावायला सांगावं. एमपीथ्रीत ते जमत नाही. एमपीथ्री ठरावीक मापाच्या चौकटींत आवाज बसवतं, एका चौकटीत १,१५२ सॅम्पल, आणि सुरुवातीला-शेवटाला शांततेची भर घालतं. फोनने फाइल परत सुरू केली की सांध्यावर उचकी लागते. वेव्ह फाइलीत ती भर नसते, पण काही प्लेअर स्वतःच दोन फेऱ्यांमध्ये क्षणभर थांबतात. म्हणून प्रती आत लावलेली लांब फाइलच बरी.

दहा मिनिटांच्या आसपासची वेव्ह शंभर एमबीच्या वर जाते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री नऊ एमबी. बोटीवरच्या भावासाठी एकाच चॅनेलची ६४वाली केली, साडेचार एमबी. त्याला तिथे नेट पावसातल्या लाईटसारखं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सगळ्यांना सांगितलं.

नावं अशी ठेवली: लय, वाद्यं, तारीख. 'फायनल', 'फायनल-नवी' असली नावं मी बंद केली आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

बेंगळुरूवाला रजा टाकून लवकर आला, पुण्याचा शामेळवालाही. रात्री अग्रशाळेत सगळे बसलो.

१००ला कुणी हललं नाही. बेंगळुरूवाल्याला ई आवर्तन इतकं कानात बसलंय की काकांनी प्रत्यक्षात भर घेतली नाही तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं. शामेळवाल्याने काठ्या नेमक्या त्या मोकळ्या सातव्या मात्रेवर टाकल्या, फाइलीवर सराव करताना त्याला ती जागा सापडली म्हणे. काकांना ती आवडली. पुढच्या आरतीत त्यांनी सातवी मुद्दाम त्याच्यासाठी सोडली.

१२० ठीक. १४०ला गेल्यावर मात्र फाइलीचा उपयोग संपतो. तिथे मंडळ १४०वर थांबत नाही, हळूहळू १५०, १५५कडे सरकतं, आणि सरकायला हवंच. १४०ची फाइल मागे घेतली. तिच्या जागी चढत जाणारी एक करावी का, दर आठ आवर्तनांनी दोन-दोन मात्रांनी वाढणारी, असा विचार आहे. १००-१०६चा अनुभव पाहता प्रत्येक लयीचं रेकॉर्डिंग वेगळं घेऊन मधल्या पायऱ्या तेवढ्या चेंज टेम्पोने भरता येतील. काका म्हणाले चवथ झाल्यावर बघू, आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान आणायचंय.

मूळ रेकॉर्डिंग, प्रोजेक्ट आणि आवर्तनांची निवड मामांच्या पेनड्राइव्हवर ठेवली. पोदेरवालं आवर्तनही आत आहे, वेगळ्या फोल्डरमध्ये. चुलतभावाला ते रिंगटोनसाठी हवंय.